दुसऱ्या ट्रोम्बोनची जागा

—नाही, नाही, नाही, मला त्यातलं काही ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी असं दारात उभ्या उभ्या सांगितलं नसतं. आधी बस. अगं, बस म्हणते ना त्या खुर्चीत! हे असं डोकं घेऊन जाणार तू शनिवारी प्रोफेसर बॉयकिनच्या अंत्यविधीला? पेटीतून उठून बसेल म्हातारा. ज्याने उभ्या आयुष्यात केस चापूनचोपून बसवल्याशिवाय एका माणसाला बँडच्या बसमध्ये चढू दिलं नाही, त्याच्यासमोर तू हे चिमणीचं घरटं घेऊन उभी राहणार? — पर्स आत ठेव. प्रोफेसरच्या कामाला आलीस, तुझं डोकं आज फुकट. हां. आता मान खाली. ही केस सरळ करायची लोखंडी फणी बघ, शेगडीवर तापून धूर निघतोय तिच्यातून, आणि ती तुझ्या कानाला खेटून फिरणार आहे, तेव्हा बोलायचं नाही, हलायचं नाही, हुंकारसुद्धा द्यायचा नाही. बोलायचं काम माझं. ओडेसा पिकेटच्या दुकानात तसंही दुसऱ्या कुणाला बोलायला मिळत नाही, अख्ख्या व्हाइन स्ट्रीटवर कुणालाही विचार.

तर तू टोपिकाहून आलीस, शाळेत गाणं शिकवतेस, आणि वादकांच्या युनियनच्या हॉलवर बसलेल्या आमच्या म्हाताऱ्यांनी तुला कामाला जुंपलंय — की पोरी, घरोघर जा, प्रोफेसरच्या 'ब्लू डझन' बँडमधल्या एकेकाला गाठ, 'बॅकडोअर बिस्किट' या गाण्यातला त्याचा त्याचा भाग त्याच्याकडून म्हणून घे आणि कागदावर उतरव, म्हणजे शनिवारी चर्चमध्ये प्रोफेसरला त्याच्याच गाण्यावर निरोप देता येईल. बरोबर? — मान हलवू नको म्हटलं ना! — आणि सगळे भाग मिळाले, एक सोडून. दुसऱ्या ट्रोम्बोनचा. कारण तो वाजवणारा एझेल व्हिटलो देवाघरी जाऊन सतरा-अठरा वर्षं झाली. आणि तेवढा एक भाग नसला की गाणं कसं वाटतं? मला नको सांगूस, मला ठाऊक आहे — पुढचा दात पडलेल्या माणसाने शिट्टी वाजवावी तसं. सगळी हवा तिथूनच निसटते. पण बाई, मी गाणारी होते. पुढे, माइकपाशी. ट्रोम्बोनवाले माझ्या पाठीमागे, त्या लांब पितळी नळ्या पुढेमागे सरकवत. एझेल व्हिटलो काय वाजवायचा ते मला काय ठाऊक? त्याचा आणि माझा संबंध काय?

आता तुझ्या मनात येत असेल — येणारच, मास्तरीण ना तू — की हा असला कसला बँडमास्तर, ज्याने एवढी गाणी बांधली आणि कागदावर एक ठिपका मागे ठेवला नाही? लिहिता येत नव्हतं का त्याला? अगं, मोत्यासारखं अक्षर! बाप चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, त्याने पोराला पाळण्यातून काढलं ते थेट पियानोच्या स्टुलावर बसवलं. आधी सगळं लिहायचा लीअँडर बॉयकिन. कॅन्सस सिटीतले मोठे मोठे बँड त्याच्याकडून गाणी बांधून न्यायचे, मग त्याने स्वतःचा बँड काढला, एक खटारा बस घेतली, आणि ओक्लाहोमा म्हणू नकोस, नेब्रास्का म्हणू नकोस, टेक्सस म्हणू नकोस — जिथे म्हणून लाकडी जमीन आणि वर छप्पर, तिथे आम्ही लोकांना नाचवलं. पाय सुजेपर्यंत नाचवलं. आणि मग एकदा तुल्सामध्ये न्यूयॉर्कचा एक बँड आला होता — नाव नको, मेल्यांना आता आणखी मोठं कशाला करा — त्यांच्यातला एक गोड बोलणारा गृहस्थ मध्यंतरात आमच्या स्टँडवरचे कागद चाळत उभा. कौतुक करतोय म्हणे! थोड्या दिवसांनी रेडिओ लावला तर काय, आमचंच गाणं, नाव तेवढं बदललेलं. आपलंच पोर नवा कोट घालून दुसऱ्याच्या अंगणात खेळताना दिसावं, तसं झालं बघ. प्रोफेसर उठला. रेडिओ बंद केला, बाहेर गेला, आणि बसच्या मागे तेलाच्या पिंपात सगळे कागद जाळले. सगळे! आम्ही ओरडतोय, हात धरतोय, आणि तो म्हणतो कसा — "कागद चोरता येतो, ओडेसा. ओठ चोरता येत नाहीत." झालं! दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो, हा बाबा तर पाणीही फुंकून प्यायला लागला.

त्या दिवसापासून त्याची एक तऱ्हाच होऊन बसली. गाणं मनात बांधायचं — अख्खं, सगळ्या वाद्यांसकट — आणि मग एकेकाला बसच्या मागे बोलवायचं. एकट्याला. कानाशी तोंड नेऊन त्याचा भाग गुणगुणायचा आणि पाठ होईपर्यंत सोडायचा नाही. मग, "चला, पुढचा." आणि नियम काय? आपला सुटा भाग कुणासमोर वाजवायचा नाही. शेजारच्यासमोर नाही, बायकोसमोर नाही, कुत्र्यासमोर नाही! सगळ्यांनी मिळून खुशाल हजार लोकांसमोर वाजवा, पण एकट्याचा सूर दुसऱ्याच्या कानी पडला की बसमधून खाली. बायबलवर हात ठेवायला लावायचा, खोटं नाही सांगत. मग सराव कसा करायचा? हा ट्रम्पेट घेऊन मक्याच्या शेतात शिरलाय, तो धान्याच्या कोठारात, आणि सॅक्सोफोनवाला टबी — तो कुठे बसून सराव करायचा ते तुझ्यासारख्या कुमारिकेला सांगायला नको, पण आतून कडी लावून बसायचा आणि बाहेर रांग. गावातली माणसं विचारायची, का हो, तुमचं आपसात फाटलंय का? आणि स्टेजवर चढलो की एकजीव! अगं, लोक बाल्कनीतून खाली वाकून बघायचे की यांचे कागद आहेत कुठे.

आणि दुसरं कुणी चोरून शिकलं असतं तरी उपयोग नव्हता. प्रोफेसर वाद्यासाठी बांधायचाच नाही, माणसासाठी बांधायचा. पहिला ट्रोम्बोन वाजवणाऱ्या पर्व्हिसचा दम तोकडा, तर त्याला तुटक तुटक सूर, की लोकांना वाटावं काय ऐट आहे! टबीला फुशारकी फार, तर त्याला सगळ्यांच्या वर नेऊन ठेवायचा, बस तिथे, दाखव काय ते. मला चढा सूर झेपत नव्हता, पण खालचा असा लागायचा की समोरची मंडळी नाचायची थांबायची — पुरे, आपल्याच तोंडाने किती. आणि 'बॅकडोअर बिस्किट' सुचलं कुठे ठाऊक आहे? टेक्ससमध्ये. गोऱ्यांच्या नाचघरात आपण वाजवायचं पुढे आणि जेवायचं मागे, तो तर रिवाजच. तिथे एक स्वयंपाकीण होती, आपल्यातलीच, मागच्या दाराची जाळी ढकलून परातभर गरमागरम, पावासारखी फुगलेली मऊ बिस्किटं बाहेर द्यायची, वर काकवीचं भांडं. मालकाला पत्ता नाही. प्रोफेसर पायरीवर बसला, बोटं चाटली आणि त्याच बोटांनी पायरीवर ताल धरला. आम्ही समजलो, आता बसच्या मागे बोलावणी येणार. एझेलने दोन बिस्किटं खिशात टाकली — गार झाल्यावर सकाळी कॉफीत बुडवून खायचा तो, साखर भरपूर, दुधाचा थेंब नको — म्हणजे, असं ऐकलंय मी. बसमध्ये राहिलं की सगळ्यांना सगळ्यांचं कळतं.

हसू नकोस. खांदे हलतायत तुझे, कान भाजला तर मला बोल लावू नकोस. अगं, दुसरा नियमच होता तो! गाणारीने वादकांच्या वाटेला जायचं नाही, वादकांनी गाणारीच्या. माझी जागा ड्रायव्हरच्या मागे, प्रोफेसरच्या शेजारी, आणि एझेलची अगदी शेवटी, सुट्या चाकापाशी. अख्ख्या बसची लांबी आमच्या दोघांत. मान वळवून मागे बघितलं तर प्रोफेसर म्हणायचा, "समोर बघ ओडेसा, गाव समोरून येतं." आता इथे कॅन्सस सिटीत असलो की गोष्ट वेगळी, इथे ज्याची त्याची खोली. माझं बिऱ्हाड मिसेस गेन्सच्या घरी वरच्या मजल्यावर, आणि स्वयंपाकघराची खिडकी मागच्या गल्लीवर, आणि ट्रोम्बोनच्या तोंडात मोजा कोंबला ना, की आवाज शेजारपाजारी जात नाही — काय? मोजा? कसला मोजा? — बरं, दिला होता मी त्याला एक मोजा. हिवाळा होता. एकच. माणुसकी म्हणून. आता एका पायाला थंडी वाजत होती का, असं विचारायचं असेल तर तू गप्पच बस. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते उगीच नाही. मघापासून मीच बोलतेय आणि मीच अडकतेय.

मला एक सांग — थांब, फणी बाजूला घेते, आता बोल — तुला माझ्याकडे धाडलं कुणी? पर्व्हिसने? ... आणि टबीने? ... सगळ्यांनी? एकूणएकाने? — ड्रमवाल्या मोझेसनेसुद्धा? तो तर आज काय वार आहे तेही विसरतो! — आणि काय म्हणाले नेमकं? "ओडेसाला विचार." एवढंच? हसले का? ... नाही हसले. देवा रे. हसले असते तर बरं होतं.

मग ऐक आता, थट्टा पुरे. मला नवरा आहे. डीकन पिकेट. चर्चमध्ये पाद्र्याच्या उजव्या हाताला बसतो, पहिल्या बाकावर. माणूस सोन्यासारखा — दारू नाही, जुगार नाही, मला आजवर 'अगं' पेक्षा वरच्या आवाजात हाक मारलेली नाही. पण त्याच्या मनात असं पक्कं आहे की बँडमध्ये मी म्हणजे देवळातल्या दिव्यासारखी होते, सगळ्यांपासून दूर आणि सोज्वळ. आणि व्हाइन स्ट्रीटवर शेंबड्या पोराला प्रोफेसरचा नियम ठाऊक आहे — माणसाचा सुटा भाग फक्त त्यालाच ठाऊक असणार, जो त्या माणसाबरोबर एकांतात होता! आता सांग. मी तो भाग म्हटला रे म्हटला, की बायबलवर हात ठेवून कबुली दिल्यासारखंच की. शनिवारी तू वाजवून घेणार, लोक विचारणार हा भाग आला कुठून, तू म्हणणार मिसेस पिकेटकडून — आणि पहिल्या बाकावर डीकन पिकेट बसलेला. वर माझं अर्धं गिऱ्हाईक त्याच चर्चमधलं. त्या बायका मला काय म्हणतील, त्यापेक्षा काय म्हणणार नाहीत, त्याचीच भीती. या बाजूला फिर. केस दाट आहेत गं तुझे, बरं आहे.

पण नाही म्हणून तरी कुठे सुटका आहे? प्रोफेसरचं मागे राहिलंय काय? मूलबाळ नाही. रेकॉर्ड म्हणावी तर ती एकुलती एक, आणि रेकॉर्ड करणाऱ्या माणसाने ट्रोम्बोनवाल्यांना आवाज फार म्हणून बाहेर बोळात उभं केलेलं, ऐकूच येत नाहीत. मग युद्ध आलं, पेट्रोल रेशनवर गेलं, बस गेली, बँड फुटला — कुणी पोस्टात चिकटला, कुणी कत्तलखान्यात मांस बांधायला लागला, आणि ज्याच्या दाराशी बँडवाले रांग लावायचे तो लीअँडर बॉयकिन लोकांच्या घरचे पियानो सुरात लावत हिंडला. माझ्याही घरी यायचा वर्षाकाठी. पियानो लावून झाला की दोन्ही हातांनी काहीतरी छेडायचा आणि माझ्याकडे बघायचा, आणि डीकन पिकेट म्हणायचा, काय सुंदर भजन आहे हे! त्याचं जे काही आहे ते त्या म्हाताऱ्यांच्या तोंडात आहे, तुकड्यातुकड्याने. एकेक म्हातारा जाईल तसा तुकडा जाईल. आणि एक तुकडा माझ्याकडे आहे. आहे माझ्याकडे. घे, बोलले.

आवडायचा मला एझेल. जीव होता माझा त्याच्यावर. पाय मोठे, बोलणं कमी, आणि हसला की आधी डोळे मिटायचा. लग्न करायचं होतं गं आम्हाला. पण प्रोफेसरला सांगायचं कोणी? तो म्हणायचा मी सांगतो, मी म्हणायची थांब, मी सांगते, आता ओमाहाचा दौरा होऊ दे, आता नाताळ होऊ दे. मग त्या हिवाळ्यात बस बर्फात रुतली, सगळे ढकलायला उतरले, एझेल कमरेपर्यंत भिजला, आणि छातीत कफ भरला तो भरलाच. आठवडा नाही काढला त्याने. आणि तो गेला त्याच संध्याकाळी आमचा कार्यक्रम होता, आणि मी गायले. लोक नाचले. मला कुणाच्या गळ्यात पडून रडायचीही सोय नव्हती, कारण मी त्याची कोण? कुणीच नाही. सहा महिन्यांत बँड सोडला आणि ही फणी हातात घेतली.

ऊठ, ते दार लाव. पाटी उलटी कर. पडदा ओढ — हां. आता कागद घे आणि नीट ऐक, मी दोनदा म्हणणार नाही. — डूऽऽ वा... डूऽऽ वा-वा... आता इथे जरा थांबतो... डूऽऽ... आणि इथे, हे बघ, हा सूर असा सरकत खाली येतो, पायरीवरून घसरल्यासारखा, पण पडत नाही, कठडा धरतो... वाऽऽ. आणि पुन्हा थांबतो. मग पुन्हा. कळलं? लिहिलंस? हे असं, खुर्चीत उलटा बसून, माझ्याकडे तोंड करून वाजवायचा, मोजा कोंबून, आणि मी कॉफी ढवळत बसायची.

कुठे म्हणजे? शेवटच्या फेरीत असणार, जिथे सगळे एकदम तुटून पडतात. ... नाही बसत? ... मधे? पोकळी मधे आहे म्हणतात ते? अगं, मधे तर मी गाते. तिथे ट्रोम्बोन कुठे होते? — असतील, बाई, असतील, मला कुठलं ऐकू येणार, माझाच आवाज माझ्या कानात, आणि समोर हजार पायांचा धुरळा. ... नाही, आम्ही दोघांनी एकत्र कधी नाही म्हटलं. स्वयंपाकघरात? छे! नियम होता ना. तो त्याचा भाग वाजवतोय हेच पाप, त्यात मी माझा म्हणू? एकाने मोडला तो मोडला, दुसऱ्याने तरी पाळावा. — तू माझा म्हणतेस? तो येतो तुला, रेकॉर्डवरून? म्हण. हळू म्हण. मी त्याचा धरते.

...

थांब. पुन्हा म्हण. त्या थांब्यापासून.

...

अगं बाई. अगं बाई गं. हे तर — मी श्वास घेते तिथे तो येतो. तो सोडतो तिथे मी उचलते. कुठे म्हणून एकमेकांच्या अंगावर पडत नाही. हा ट्रोम्बोनचा भागच नव्हे, ही तर माझ्या गाण्याची दुसरी बाजू आहे! म्हणजे त्या म्हाताऱ्या बोक्याला ठाऊक होतं! बसची अख्खी लांबी आमच्यामध्ये ठेवली, समोर बघ ओडेसा म्हणाला, आणि गाण्यात आम्हाला असं मांडीला मांडी लावून बसवलं! रोज वाजवायला लावलं, गावोगाव, लोकांच्या देखत! आणि मागे बसलेल्या एकूणएकाला ते ऐकू जात होतं. म्हणून हसले नाहीत ते. आणि आम्ही दोघे शहाणे, सांगायचं कसं, सांगायचं कसं! अरे, तो तर केव्हाचा हो म्हणून बसला होता. हो म्हणून, बांधून, वाजवून मोकळा!

आणि एझेल — एझेल तर मागे उभा राहून मला ऐकत वाजवायचा. त्याला कळलंच असणार. पहिल्या दिवशीच. म्हणून यायचा तो स्वयंपाकघरात. म्हणून मधे मधे थांबायचा आणि माझ्याकडे बघायचा. मला वाटायचं, दम घेतोय बिचारा. दम नव्हता घेत गं तो. मी कधी गाते त्याची वाट बघायचा. आणि मी नियम पाळत होते. कॉफी ढवळत होते.

...

नाही, खोडू नकोस. राहू दे लिहिलेलं, माझ्यामागे कुणाला तरी लागेल. फक्त वर 'दुसरा ट्रोम्बोन' नको लिहूस, 'एझेल' लिही. आणि शनिवारी कुणी वाजवायचा नाही तो, मी म्हणणार. पर्व्हिसच्या शेजारी उभी राहून म्हणणार. माझा भाग तू गा, तुझा खालचा सूर बरा आहे. — डीकन पिकेट? त्याला आज जेवताना सांगते. आधी पोटभर वाढते आणि मग सांगते. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं, आणि हे तर तेव्हापासून उघड्यावरच आरवत होतं. ओरडला तर ओरडला. नाही ओरडायचा तो. ताट बाजूला सारेल आणि विचारेल, प्रोफेसर आपल्या पियानोवर छेडायचा ते भजन कुठलं होतं? आणि मला सांगावं लागेल.

चल, ऊठ. झालं तुझं डोकं. आरशात काय बघतेस, छान दिसतेयस, रुमाल बांध, बाहेर दमट आहे. नाही, नको थांबूस, आणि पाटी उलटीच राहू दे. जा आता. मला जरा ते एकदा एकटीने म्हणून बघायचंय.